कागदाची टोपली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, मुलीला नाही, यांना तर नाहीच — आणि आता हे राहिलेही नाहीत. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येईल. नातवाला मराठी वाचता येत नाही, तेही बरंच.

आम्ही गाव सोडून परराज्यात आलेलो; पांडेसऱ्यात आमची एक खोली, पुढे ओटा. हे रंगाच्या मिलमध्ये होते. दम्याने काम सुटलं, बाहेर फिरणंही सुटलं. मी खानदेशातल्या मिलवाल्या पोरांचे डबे करायची. आणि हे महिन्याला चार पानं छापून घ्यायचे — मराठीत, स्वतःच्या खिशातून. कोणत्या पक्षाचं नाही, कोणत्या शेठचं नाही. मिलमध्ये कोणाचा हात भाजला, कोणाला काढलं, ते त्यात असायचं. मी घडी घालून प्रत्येक डब्यात भाकरीच्या वर ठेवायची. संध्याकाळी रिकाम्या डब्यांतून पोरांच्या चिठ्ठ्या यायच्या — आबा, बरोबर लिहिलं. कधी शिवीही यायची. शिवी आली की हे जास्त खूश.

छापायला देण्याआधी मला वाचून दाखवायचे. मी चौथी शिकलेली, मला काय विचारायचं? पण विचारायचे.

मग ती निवडणूक आली. उभा राहिलेला माणूस आमच्याच तालुक्यातला. गल्लीत नळ त्याने आणला होता. त्याआधी मी हंडा घेऊन टँकरमागे पळालेली बाई — मला तो नळ विसरता येत नव्हता. यांनी लिहिलं, नळ आणला खरा, पण मिलने माणसं काढली तेव्हा हा शेठच्या बाजूला बसला. दोन्ही खरं होतं. मला राग आला. मग भांडले का नाही? सगळ्या गल्लीला मी तोंडावर सुनावते. यांनी विचारलं, कसं झालंय? मी म्हटलं, चांगलंय.

आता सांगते. तो अंक मी एकाही डब्यात घातला नाही. डबे नेणाऱ्याला बजावलं — कोणी विचारलं तर म्हण, प्रेस बंद आहे. दुपारी हे झोपल्यावर गठ्ठा पिंपात भिजवला. मऊ झाल्यावर मेथ्या घालून कांडला आणि पालथ्या पातेल्यावर थापला. रद्दीच्या टोपल्या आमच्याकडे अशाच करतात. वाळल्यावर यांनी ती बोटाने वाजवून पाहिली. म्हणाले, टणक झाली.

पण आधी ती संध्याकाळ. रिकामे डबे यांनीच उघडले, एकेक करून. झाकणं उलटी करून पाहिली.

"कोनी काही बोलनं का व?"

"कोनीच नही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशीही उघडले. तिसऱ्याही. मग म्हणाले, लोकांना नकोय आपलं. चार पानं बंद झाली. हळूहळू घरातलं बोलणंही. एका खोलीत दोन माणसं, आणि नळाचा आवाज — तो माणूस निवडून आला होता.

हे गेले, तेव्हा बाराव्याला डब्यावरचा एक जुना पोरगा आला. आता कडोदऱ्याला असतो, केस पिकलेत. जेवता जेवता म्हणाला, "मावशी, राग नका मानू. प्रेस बंद म्हणाले, तेव्हाच आम्ही समजलो. आबांना पैसे पोचले. म्हणून कोणी चिठ्ठी टाकली नाही."

यांना वाटलं, पोरांनी आपल्याला सोडलं. पोरांना वाटलं, आबा विकले गेले. दोन्हीकडचं ठाऊक असलेली मी एकटी.

तेव्हा तरी? यांना जाऊन बाराच दिवस झाले होते. फोटोला हार ताजा होता. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, "झालं ते झालं, बाबा." आणि त्याच टोपलीतून भाकरी काढून त्याच्या ताटात वाढली.