सकाळचा पेशंट

लातुरात आमच्या क्लाससमोर एक ट्रकवाला राहायचा. त्याचा जुना डिझेल ट्रक थंडीत हटून बसायचा. मग सकाळी सहाला तो मुखेड-लोह्याहून डॉक्टरकीच्या तयारीला आलेल्या पोरांना हाक मारायचा, "ओ डॉक्टरसाहेब, पेशंट गार पडलाय, लावा हात!" पोरं खिदळत ट्रक ढकलायची आणि माझ्या फिजिक्सच्या तासाची पाच मिनिटं जायची. मी जाम चिडायचो.

एका रविवारी क्लास बंद होता. कडाक्याच्या थंडीत त्यानं चावी फिरवली आणि ट्रक पहिल्याच झटक्यात सुरू झाला. समोर मला बघून तो ओशाळला.

"नवी बॅटरी टाकून महिना झाला, सर. पोरायला सांगू नका. दिवसभरात तेवढंच हसत्यात."

सोमवारपासून मी हजेरी पाच मिनिटं उशिरा घेऊ लागलो.