सुलूताईंच्या टाचा

महाराज बाड्याच्या चौकात टेम्पोची वाट बघताना सुलूताई पवार टाचा उचलून उभ्या राहत. भाजी घेतानाही तेच. साठी उलटलेली बाई, पण टाचा अधांतरी. विचारलं की म्हणत, "टाच टेकली की माणूस गया काम से!"

तरुणपणी दिल्लीला जाऊन त्या बॅले शिकल्या आणि आमच्या शहरातल्या लष्कर भागात परतून त्यांनी मुलींचा क्लास काढला. त्यांनी लग्न का केलं नाही, हे कुतूहल सगळ्या गल्लीला होतं. शेजारीण म्हणून मला जरा जास्तच. विचारायचा धीर मात्र कधी झाला नाही.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी एक जुना फ्रेंच बॅले बसवायला घेतला. प्रियकरानं फसवलेली खेड्यातली मुलगी मरते आणि रानात लग्नाआधीच मेलेल्या मुलींच्या भुतांमध्ये जाऊन मिळते. सगळ्या पांढऱ्या वेषातल्या नवऱ्या. "हा एवढा एक बसवला की मी सुटले," असं त्या म्हणायच्या.

तालमी रंगात आल्या आणि नायिका झालेल्या मानसीची आई, जाधवकाकू, दारात येऊन उभ्या राहिल्या. "ताई, आम्ही पोरीला स्थळं बघतोय, आणि तुम्ही तिला मेलेली नवरी करताय? ये ठीक नहीं है." मग बाकीच्या आयाही अडून बसल्या. एरवी सुलूताईंनी भांडण उकरून काढलं असतं. त्या दिवशी त्यांनी तालीम तिथेच थांबवली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्याकडे हजर. "तुमच्या लेकीच्या लग्नातला अंतरपाट आहे ना? काढा बरं."

तो घेऊन त्यांनी सगळ्या आयांना बोलावलं. "भुतं याच्यामागून येतील. यांचा अंतरपाट कधी दूर झालाच नाही, हेच तर त्यांचं दुःख. नाच संपला की तो तुम्ही दूर करायचा. लोक अक्षता टाकतील. अपशकुन वहीं खतम!"

जाधवकाकू जरा वेळ अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक न्याहाळत राहिल्या. "आणि मंगलाष्टकं कोण म्हणणार?" त्यांनी विचारलं. म्हणजे काम झालं होतं.

मंगलाष्टकं अर्थात त्यांनीच म्हटली. प्रयोग संपला, आयांनी अंतरपाट दूर केला, मुलींवर अक्षतांचा सडा पडला. तेवढ्यात जाधवकाकूंचं लक्ष विंगेकडे गेलं. "अहो ताई, तुम्ही तिथे काय करताय? चला, इधर आइए!" त्यांनी सुलूताईंना हाताला धरून मुलींच्या रांगेत उभं केलं आणि मूठभर अक्षता त्यांच्या डोक्यावर टाकल्या.

 सुलूताईंच्या टाचा जमिनीला टेकलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.