बारकीचा ह

आमची बारकी चाळिशीला आली तरी घरात बारकीच राहिली. ती माझ्या बहिणीची धाकटी मुलगी. लहानपणी दाराची कडी वाजली की आधी पलंगाखाली शिरायची आणि मग कोण आलंय ते विचारायची. मोठी झाल्यावर पलंगाखाली जाणं सुटलं, घाबरणं मात्र सुटलं नाही. बँकेत सही जुळणार नाही म्हणून घाबरायची, लिफ्ट मधेच अडकेल म्हणून घाबरायची, आणि काहीच कारण नसलं तर आज काही कसं नाही म्हणून घाबरायची. "तुझ्या काळजाला बंद करायचं बटण बसवायला हवं होतं," असं तिचा नवरा म्हणायचा. तो होता तोवर ती घरातली चेष्टा होती.

तो साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. नोकरीत असताना गेला म्हणून त्याच्या कार्यालयानं तिला घेतलं, पण रिकामी जागा होती लघुलेखकाची. अट अशी की दोन वर्षांच्या आत मिनिटाला शंभर शब्दांची परीक्षा पास व्हायची. नाही झाली तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर कार्यालयाच्या वसाहतीतल्या दोन खोल्याही जाणार. त्या खोल्यांत ती, तिची कॉलेजात जाणारी लेक आणि तिची सासू अशा तिघी राहत होत्या. बारकी दोनदा नापास झाली. तिसरी परीक्षा शेवटची होती.

मी सगळं आयुष्य हिशेब तपासण्यात घालवलं. लघुलेखनातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. बारकीनंच मला समजावलं. त्यात अक्षरं लिहायची नसतात, आवाज लिहायचे असतात. एका आवाजाला एक रेघ, एवढा सरळ व्यवहार. घोळ घालतो तो ह. तो एकटा आला तर रेघ खाली उतरते, हजर म्हणताना तीच वर चढते, हमाल किंवा हलका म्हणताना तिचा नुसता बारीकसा काटा उरतो, आणि शब्दाच्या मधे अडचण झाली तर ह म्हणजे फक्त एक टिंब. चारांपैकी कुठला, हे पेन्सिल टेकायच्या आत ठरलेलं असावं लागतं. बारकीचं ते ठरत नसे. ह आला की तिचा हात कागदावर एक बोट उंच थांबायचा, आणि तेवढ्यात मजकूर वाचून सांगणारा पुढचं अर्धं वाक्य बोलून मोकळा झालेला असायचा.

"बाई, ह दिसला की साप दिसल्यासारख्या का थांबता?" लघुलेखनाच्या क्लासचे सर तिला सगळ्यांसमोर विचारत.

"कुठला लिहू ते ठरत नाही, सर."

"ठरवायला वेळ कोणी दिलाय तुम्हाला? ते हाताला ठरवू द्या. डोकं मधे घालू नका."

त्यांनी तिला नुसत्या ह च्या शब्दांची पानंच्या पानं लिहायला लावली. हक्क, हलका, हजर, महिना, पहारा, मोहीम. कार्यालयातून आली की ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि लेक वाचून दाखवायची. घरी चांगलं जमायला लागलं. पानात चूक म्हणून सापडेना. पण क्लासमध्ये सरांनी वाचलं की पुन्हा निम्मं पान कोरं. बारकी रडकुंडीला आली. "मामा, मला कुणीतरी काहीतरी केलंय," ती फोनवर म्हणाली. मी म्हटलं, रविवारी येतो, बसतो आणि बघतो.

बसलो. मायलेकींनी नेहमीसारखी सुरुवात केली. वाचायच्या पुस्तकात दर शंभर शब्दांना एक खूण असते, म्हणजे वाचणाऱ्यानं एका मिनिटात एका खुणेपर्यंत पोचायचं. सवयीनं माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. मिनिट संपलं तरी पोरगी खुणेच्या बरीच अलीकडे होती. पुढच्या मिनिटाला आणखी मागे पडली. वेळ कुठे गळतोय ते मला कळेना, म्हणून मी पुस्तक सोडून तिच्या तोंडाकडे बघायला लागलो. तिची नजर पुस्तकावर टिकतच नव्हती, ती आईच्या पेन्सिलीवर होती. ह चा शब्द आला की ती किंचित थांबायची, पेन्सिल टेकली की पुढे सरकायची.

"बेटा, तू थांबतेस," मी म्हटलं.

"नाही हो, आजोबा! सलग वाचते मी."

"आईच्या हाताकडे बघून थांबतेस."

तिनं पुस्तक मिटलं. बारकीचा चेहरा उतरला. इतके महिने जे जमलं असं वाटत होतं ते लेकीच्या मायेनं जमत होतं. परीक्षेला पाच आठवडे उरले होते.

"आण इकडे, मी वाचतो," मी म्हटलं आणि घड्याळ समोर ठेवून वाचायला लागलो. मनाशी पक्कं ठरवलं होतं, तरी 'हमाल' आला, तिचा हात हवेत अडकलेला दिसला आणि माझी जीभ आपोआप जड झाली. मिनिट संपलं तेव्हा मीही खुणेच्या मागेच होतो.

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "तुम्ही दोघं वाचत नाही, गोंजारताय तिला. बाळ आहे का ते पाळण्यातलं?"

"मग तुम्ही वाचता का, विहीणबाई?"

"वाचते की! चौथीपर्यंत शिकलेय, फुकट नाही गेलं."

बारकीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला विहिरीत ढकलायला निघालोय. सासूबाईंच्या जिभेला ती लग्नापासून घाबरून होती. सासूबाई बाहेर आल्या, चष्मा पुसला, खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं आणि सुरू झाल्या. काय तो वेग! स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, चावीच्या खेळण्याचा खटका सुटल्यासारख्या पुढेच. कवळीमुळे अर्धे ह हवेतच विरत होते. पहिल्या चार ओळींत बारकीच्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

"आई, थांबा ना, टोक..."

"दुसरी घे! मला वाचायला सांगितलंय, थांबायला नाही. आणि तोंड कशाला उघडं ठेवलंयस? ह काय तोंडानं पकडायचाय?" हे सगळं त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या. बोटानं धरलेली ओळ सुटली नव्हती.

पान संपलं तेव्हा बारकीच्या कागदावर भोकं पडल्यासारख्या कोऱ्या जागा राहिल्या होत्या. ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली. पोरगी आजीवर चिडली. मी विहीणबाईंना हळूच म्हटलं, "जरा बेतानं घेता आलं असतं."

त्या अजून भिंतीकडेच बघत होत्या. "मी थांबले की माझा आवाज फुटतो, मामा," त्या म्हणाल्या. "ही जागा सुटली तर म्हातारपणी मला कोण ठेवून घेणार? म्हणून थांबत नाही. तिला सांगू नका. ती आधीच अर्धी झालीय."

त्या घरात दोघीही घाबरलेल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. फरक एवढाच की एकीचा घाबरून हात थांबत होता आणि दुसरीची जीभ सुटत होती.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईच वाचू लागल्या. सरांनी बारकीला एक नियम दिला. ह सुटला तर सुटू द्या, जागा सोडा, मागे वळू नका. नंतर अर्थावरून भरा. पहिला आठवडा नुसत्या मोकळ्या जागांचा गेला. मी अधूनमधून जात असे. बारकीला जेवण जाईना, बोटं गार पडलेली असायची, कार्यालयात साहेबांची घंटा वाजली की ती खुर्चीतून ताडकन उठायची. पण हळूहळू हवेत थांबणारा हात कागदावर उतरला. काटा की टिंब, हे ती आता मला सांगू शकत नव्हती. विचारलं की म्हणायची, "थांबा, लिहून बघते." लिहायची आणि मग कागदाकडे बघून सांगायची.

परीक्षेला मी बरोबर गेलो. लांब खोली, लाकडी बाकं, प्रत्येकाच्या हातात दोन-तीन टोकदार पेन्सिली. दार लावून घेतलं आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. दारावरच्या झडपेतून परीक्षकांचा आवाज येत होता, जाडा आणि सर्दीनं भरलेला. गोदीतल्या मालाबद्दल काहीतरी होतं. हजर हमाल, हलवाहलव, पहारा, हिशेब. ह मागून ह येत होते, आणि प्रत्येकाला माझ्या छातीत कुणीतरी कडी वाजवल्यासारखं होत होतं. मधेच परीक्षकांना खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर गेलेला वेळ भरून काढायला त्यांनी असा झपाटा लावला की आत बाक सरकलं, दार उघडलं आणि एक मुलगी तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाली. क्षणभर ती मला बारकीच वाटली.

बारकी अगदी शेवटी आली. कपाळाला केस चिकटलेले, बोटांना शिसं लागलेलं.

"दोन जागा सुटल्या, मामा. कदाचित तीन."

"भरल्यास?"

"भरल्या. बरोबर की चूक, देवाला ठाऊक."

निकालाला महिना लागणार होता. सासूबाई दुकानातून पुठ्ठ्याचे खोके आणून पलंगाखाली ठेवू लागल्या. "वेळेवर मिळत नाहीत," असं म्हणायच्या.

फोन आला तेव्हा मी तिथेच चहा घेत होतो. कार्यालयाच्या अधीक्षकांचा होता. बारकीनं उभ्यानंच घेतला. "हो साहेब... हो," एवढंच म्हणत होती, आणि टेबलावरच्या वर्तमानपत्राच्या कडेला तिची पेन्सिल आपोआप चालली होती. तिनं फोन ठेवला. खुर्चीवर बसली, पदरात तोंड घातलं आणि ते वर्तमानपत्र आमच्याकडे सरकवलं.

आम्ही तिघं त्यावर वाकलो. एक खाली गेलेली रेघ, एक वर गेलेली, काही वळणं, दोन टिंबं. पोरीनं कागद उलटा करून पाहिला.

"अगं, हे मुंग्यांचे पाय आम्हाला काय कळणार!" सासूबाई ओरडल्या. त्यांचा आवाज फुटला होता, आणि त्यांनी तो आता लपवला नाही. "तोंडानं सांग, बाई! खोके भरू की टाकून देऊ?"

बारकीनं डोळे पुसले, कागद आपल्याकडे ओढला, आणि वर न बघता परीक्षेत वाचतात तशा सपाट आवाजात वाचून दाखवलं. "आपण उत्तीर्ण झाला आहात. सोमवारी सकाळी साहेबांपुढे हजर राहावे. वही आणि पेन्सिल हवी."

मग तिनं पेन्सिलीचं टोक पाहिलं आणि म्हणाली, "सोमवारी? मामा, साहेब किती भराभर बोलतात, ठाऊक आहे का?"