खिडकीजवळच्या बेडची बेल

माझ्या भाचीला आमच्या घरात सगळे कासव म्हणतात. नाव मीच ठेवलं. लहानपणी साधी पायरी उतरायची तरी ही आधी पाय टेकवून बघणार, मग माझ्याकडे बघणार, मग पुन्हा पाय टेकवणार. मी शाळेची बस चालवते. माझा जन्म "चला, आटपा" करण्यात गेलाय. त्यामुळे ही पोरगी समोर आली की माझ्या जिवाची नुसती घालमेल व्हायची. ती कॉम्प्युटरची पदवी घ्यायला गेली तेव्हा म्हटलं, बरं झालं, मशीन तरी हिच्यावर खेकसणार नाही.

त्या पदवीची रीत अशी की दोन वर्षं वर्गात, तिसरं वर्ष कंपनीत, शेवटचं पुन्हा वर्गात. कंपनीने चांगला शेरा दिला तरच शेवटच्या वर्षाला बसू देतात, नाहीतर तिसरं वर्ष पहिल्यापासून. कंपनी आमच्या शहरातली निघाली म्हणून कासव नोकरीसाठी बाहेरगावी गेलेल्या माझ्या मुलाच्या रिकाम्या खोलीत राहायला आलं. मी तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, छातीठोकपणे सांगितलं, "शेरा घेऊनच परत पाठवते, तू निर्धास्त राहा." पण निर्धास्त राहणं तिच्या स्वभावातच नाही. रोज संध्याकाळी फोन, आणि रोज तोच प्रश्न, "मॅडम खूश आहेत ना गं?" मॅडम म्हणजे कासवाची टीम लीड. शेरा त्यांच्याच हातात होता.

मॅडम खूशच होत्या. त्यांची कंपनी हॉस्पिटलातल्या बेलचं सॉफ्टवेअर करते. पेशंटने बेडजवळचं बटण दाबलं की सिस्टरच्या टेबलावर आवाज होतो आणि स्क्रीनवर बेडचा नंबर येतो. काही पेशंट उगाचच बेल वाजवत बसतात आणि सिस्टर लोकांच्या नाकी नऊ येतात. त्यावर उपाय शोधायचं काम कासवाला दिलं होतं. तिने असं केलं, की एखाद्या बेडवरची बेल सिस्टरने पुन्हा पुन्हा 'विनाकारण' म्हणून नोंदवली, तर पुढच्या वेळी आवाज करायचा नाही, कोपऱ्यात एक छोटी राखाडी खूण दाखवायची. मॅडमनी कोड वाचला, मंजूर केला आणि त्याच आठवड्यात एका वॉर्डमध्ये ते चालूही झालं. बहिणीने ही बातमी सगळ्या गोतावळ्यात पोचवली.

तो शनिवार होता. दुपारी मी ओट्याशी होते. आतून हाक आली, "मावशी!" थोड्या वेळाने पुन्हा, "मावशी, ये ना!" मी कांदा चिरत राहिले. मग धाडकन आवाज झाला तशी मी सुरी टाकून धावले. कपाटाचं दार बिजागरीतून निखळलं होतं. बराच वेळ ते दोन्ही हातांनी धरून ती उभी होती, शेवटी हात भरून आले आणि दार तिच्या पायावर आलं. अंगठ्यातून रक्त येत होतं.

"किती हाका मारल्या मी! ऐकू नाही आल्या?"

"आल्या गं. पण काय सांगू, दादा या खोलीत असताना दिवसभर आई, आई करायचा. मोजे कुठेत, चार्जर कुठाय. शेवटी मी लक्ष द्यायचंच सोडलं. आता या खोलीतून हाक आली की माझा कान आपोआप बंद होतो."

"पण दादा गेला ना? आता मी आहे इथे."

"अगं, कानाला काय कळतंय त्यातलं?"

मी हसले. ती हसली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं रक्त बघून चक्कर येतेय. मी कापूस शोधायला लागले, तर ती लंगडत टेबलाशी गेली आणि लॅपटॉप उघडून बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "मावशी, मी तेच केलंय."

मग तिने समजावलं. राखाडी खूण बेडला चिकटत होती, माणसाला नाही. कटकट करणारा पेशंट घरी गेला आणि त्या बेडवर नवा आला, तरी बेल मुकीच राहणार. कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण चाचणीसाठी तिने मनानेच पेशंट तयार केले होते आणि त्यातला एकही कधी घरी गेला नव्हता.

तिने मॅडमना फोन लावला. बंद. त्या विमानात होत्या. मग शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला लावला. तो म्हणाला, "सोमवारी बघू. आणि हॉस्पिटलला फोन करायचा वेडेपणा करू नकोस. इंटर्नने गिऱ्हाइकाशी परस्पर बोलायचं नाही, सही केलीयस तू. गेल्या वर्षी एकाला याच कारणावरून घरी पाठवलंय."

मीही तिला तेच सांगितलं. उगाच कशाला खोटं बोलू? माझ्या डोळ्यांसमोर बहिणीचा चेहरा होता. "सोमवार काय लांब आहे? आईचा विचार कर."

"आणि आत्ता कुणी बटण दाबत असेल तर?"

तेव्हा माझं डोकं चाललं. म्हटलं, "सही तू केलीस ना, मी नाही केली," आणि तिच्याकडून वॉर्डचा नंबर घेऊन मीच फोन लावला.

"सिस्टर, तुमच्या बेल बिघडल्यात."

"कोण बोलतंय?"

"मी मावशी."

"कोणाची?"

मी गडबडले. पलीकडून खाडकन फोन आपटला. कासवाने हात पुढे केला. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तिने पाय टेकवून बघितलं नाही. तिने पुन्हा नंबर लावला, कंपनीचं नाव सांगितलं, स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं.

"सिस्टर, स्क्रीनवर राखाडी खुणा असतील, त्या बेडपाशी प्रत्यक्ष जाऊन बघा. आत्ता."

"अहो, स्क्रीन शांत आहे. सगळे झोपलेत."

"प्लीज जा. मी फोन धरून थांबते."

सिस्टर पुटपुटत गेली. फोन तिकडे टेबलावर पडला असावा. चपलांचा आवाज लांब गेला, कुठेतरी ट्रॉली खडखडली, मग काहीच ऐकू येईना. कासवाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. तेवढ्यात सिस्टरचा ओरडा ऐकू आला, "डॉक्टरांना बोलवा!" मग धावपळ. कासवाने फोन कानाला तसाच धरला होता.

बऱ्याच वेळाने सिस्टर धापा टाकत फोनवर आली. "खिडकीजवळची बाई. काल ऑपरेशन झालंय. टाका सुटलाय, पट्टी, चादर सगळं भिजलंय. सकाळपासून बटण दाबतेय म्हणते. तिला वाटलं, आम्ही कामात आहोत, तिची पाळी आली की येऊ. आता हे तुमचं बंद कसं करायचं ते सांगा."

कासवाने एकेक करून सांगितलं आणि ते बंद झालं. फोन ठेवल्यावर ती तिथेच जमिनीवर बसली.

सोमवारी मॅडमनी कबूल केलं की मंजुरी त्यांनीच दिली होती. त्या वरच्या साहेबाशी तिच्यासाठी भांडल्या म्हणे. साहेबाचं उत्तर एकच, हॉस्पिटल आता आम्हाला जाब विचारतंय आणि मुलीने नियम मोडलाय. दुपारच्या आत कासव बॅग घेऊन घरी आलं. शेरा नाही. वर्ष गेलं. मला साहेबाचा इतका संताप आला की बस घेऊन त्याच्या दारात उभी करावी असं वाटलं.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. मी म्हटलं, मी बोलते. कासव म्हणालं, नको, आणि फोन स्पीकरवर टाकून सगळं सांगितलं. चूक, हॉस्पिटलचा फोन, वर्ष वाया गेल्याचं, काहीही लपवलं नाही. सांगताना रडू आवरेना. बहीण आता काय बोलणार, मला कसला जाब विचारणार, म्हणून मी जीव मुठीत धरून उभी.

"ती बाई कशी आहे?" बहिणीने विचारलं.

"बरी आहे. सिस्टरनी सकाळी मला फोन करून सांगितलं. पुन्हा टाके घातले, आता उठून बसतेय."

"मग रडतेस कशाला, वेडे?" असं म्हणाली आणि स्वतःच हुंदके देऊन रडायला लागली.