सुनंदामावशींची पिशवी उलटी केली तेव्हा मी गप्प होते

मंडळी, सुपरहिरोंच्या गोष्टी ही आपल्या काळातली पुराणं आहेत, त्यांतून धैर्य शिकावं, असं या कम्युनिटीत मीच सारखी लिहीत असते. आज माझी वेळ आली आणि मी मान खाली घातली.

वळ गावातल्या कपड्यांच्या गोदामात मी बिलं बनवते. तिथे सुनंदामावशी पॅकिंगला आहेत. दुपारी मोजणीत शर्टांचं एक छोटं खोकं कमी निघालं. मॅनेजरने थेट मावशींवर आळ घेतला आणि सगळ्यांसमोर त्यांची पिशवी टेबलावर उलटी केली. डबा, कंगवा आणि गुडघ्याच्या गोळ्या निघाल्या.

"उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला.

ते खोकं सकाळी त्याच्याच भाच्याने स्वतःच्या गाडीत टाकलेलं मी पाहिलं होतं. पण आमचं घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं. मी बिलंच बनवत राहिले.

मी गेटपर्यंत मावशींच्या मागे धावले आणि सगळं सांगितलं. वाटलं, त्या शिव्या देतील.

"मला ठाव हाय पोरी. मी पन बगितलं व्हतं. तू बोलली असतीस तर तुजी पन नोकरी गेली असती," म्हणाल्या आणि अंबाडी गावाला जाणाऱ्या जीपमध्ये बसल्या.

गोष्टीतला नायकही आधी घाबरतो. त्या घाबरण्याची किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं, मग तो बदलतो. पण किंमत मोजणाऱ्याचं पुढे काय होतं, ते कुठलीच गोष्ट सांगत नाही.

तासभर सायबर कॅफेत बसलेय. गोदामाच्या मालकांचा नंबर माझ्याकडे आहे. खरं सांगा, तुम्ही फोन केला असता?