चाळीस उंडे आणि तव्याचं कुलूप

कौसाबाईनं आणि मी मिळून शेवटचं काम केलं ते ज्वारी निवडायचं. म्हणजे निवडली तिनं, मी पोत्याचं तोंड धरलं. (संसारातली बहुतेक कामं मी अशीच केलीत!) "सरळ धरा की वो, जेवला न्हाईत का?" म्हणाली. मग जेवली, झोपली, आणि सकाळी उठलीच नाही. रडायचं तेवढं रडलो. ते इथं लिहीत बसत नाही.

तेरावा झाला, पाव्हणे पांगले, आणि मला कळलं की स्वैपाकातलं मला फक्त जेवता येतं.

लेक उषा पुण्याहून आली होती. म्हणाली, "आबा, घराला कुलूप लावा न् चला माझ्याकडं."

"मी न्हाई येत. म्हैस कोण बघंल?"

"तुमाला कोण बघंल? भाकर कोण करंल?"

"मी!"

उषा इतकी हसली, की इतक्या दिवसांत घरात पहिल्यांदा हसण्याचा आवाज झाला. मग डोळे पुसत म्हणाली, "परवा सकाळी सातची यष्टी हाय. त्याच्या आदी एक भाकर करून दावा. खाण्याजोगी. न्हाई जमली तर पिशवी भरायची."

"ठरलं!"

ही उषा एका कंपनीत मोबाइलचे गेम बनवते. गेममधला गडी सुरुवातीला अडाणी असतो. त्यानं कशाचा किती सराव केला म्हणजे कोणतं काम यावं, हे ठरवायचा तिला पगार मिळतो. (मी दुसरी नापास. मला शिकवायला मास्तरला पगार होता, तरी काही जमलं नाही.) तिनं चुलीमागच्या भिंतीवर खडूनं लिहून दिलं : एक उंडा, म्हणजे भाकरीपुरता पिठाचा गोळा, मळला की दहा पॉइंट. शंभर झाले की थापायचं कुलूप उघडणार. चारशे झाले की तव्याचं.

दुसऱ्या दिवशी ती नेकनूरच्या बाजाराला गेली आणि मी पाणी तापवून परातीला बसलो. दहा उंडे झाले, थापायचं कुलूप उघडलं. एक थापायला घेतला तर परातीलाच चिकटला! म्हटलं, ह्याच्या नादी कोण लागतो? मळायला जमतंय, मळत राहू. पिठाचा डबा उपडा केला. चाळीस उंडे!

शेजारची सखूबाई ताक घेऊन आली आणि दारातच थबकली. "भाऊजी, जेवणावळ हाय का?"

"चारशे पॉइंट झाले."

"कशाचे?"

"आता मला तवा मिळतो."

"तवा खुटीलाच हाय की! घ्या न्!" ती वाकून बघायला लागली. "आवं, ज्वारीचं पीठ मळलं की लगीच थापावं लागतं. ह्यांना तर भेगा पडल्या!"

एवढ्यात उषा आली. उंड्यांकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं, आणि मटकन खाली बसली.

"आबा, थापली किती?"

"एक बी न्हाई. भिंतीवर तसं कुठं लिव्हलंय?"

मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. तर पोरगी कपाळाला हात लावून म्हणाली, "आमच्या गेममधी बी लोक हेच करतेत! वेशीवर उभं राहून दिवसभर एकच ससा मारतेत न् शूरवीर होतेत."

"मग चूक सशाची न्हाई, तुजी हाय," मी म्हणालो. "खोंडाला शंभरदा नुसतं लाकूड वढायला लावलं म्हणून तो पेरणीच्या तिफणीला चालतो का? त्याला शिकल्याल्या बैलाच्या जोडीला जुपावं लागतं. मग तो चुकत चुकत शिकतो."

बोलून गेलो, आणि मग ध्यानात आलं. माझी जोडी तर मोडली होती.

सखूबाईनंच परात पुढं ओढली. "मी बसते शेजारी. पर हात लावणार न्हाई."

उषानं भिंत पुसून नवा नियम लिहिला : येतंय तेच परत केलं तर पॉइंट नाही, नव्या तऱ्हेनं चुकलं तरच पॉइंट. सखूबाईकडून पीठ आणलं. पहिली भाकरी परातीत फाटली, दुसरी हातात, तिसरी चुलीत गेली, चौथी उलथताना सखूबाईच्या पायावर पडली! नव्या नियमानं मी दिवस मावळायच्या आत सगळ्यात वरच्या पायरीवर होतो. खायला मात्र त्या दिवशी ताकच होतं. (भेगाळलेले उंडे म्हशीनं खाल्ले. पोटभर जेवलं असं घरात एकटंच जनावर!)

सकाळी कोंबडा आरवायच्या आत चूल पेटवली. सखूबाई शेजारी बसली, तिनं दोन्ही हात पदरात बांधून घेतले होते. थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलथली. फुगली नाही, पण फाटलीही नाही! उषानं एक घास मोडला. चावला. चावतच राहिली.

"चटणी हाय का?" तिनं विचारलं.

अख्खी भाकर खाल्ली पोरीनं! एकटीच यष्टीत चढली. खिडकीतून रडत होती, मी छाती काढून हात हालवला.

घरी येऊन रुबाबात माझ्यासाठी दुसरी टाकली. ती तव्याला अशी बसली, की उलथनं वाकलं! यष्टी नेकनूरच्या पुढं गेली असंल असा अंदाज घेतला, मग तवा पाण्यात घातला आणि गुमान सखूबाईच्या दारात ताटली घेऊन उभा राहिलो.