व्हय म्हाराजा

"आपण भांडणाऱ्यातले नव्हे," असं म्हणून सर उठायचे आणि खुर्ची समोरच्याला देऊन टाकायचे. स्टाफरूममधली पंख्याखालची खुर्ची त्यांनी अशीच दिली, एसटीतली खिडकीही अशीच दिली. मासळी बाजारात बाई देईल तो बांगडा घेऊन, तिनेच उपकार केल्यासारखी मान हलवून ते घरी जायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना गरीब स्वभावाची म्हणतो आणि त्यांच्या खुर्चीत बसतो.

सर घाटावरचे, कोल्हापूरकडचे. आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला तात्पुरत्या नेमणुकीवर आले होते. दर जूनला त्यांना नवी ऑर्डर मिळायची. आम्ही बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, आणि पुढच्या जूनमध्ये ते कायम होणार असं सगळे म्हणत होते. सरांनी त्या भरवशावर एक लोखंडी कपाटसुद्धा घेतलं होतं.

परीक्षेत एक प्रश्न हमखास यायचा: ट्रॅजिक हिरो आणि अँटी-हिरो यांची तुलना करा. गाइडमध्ये त्याचे दोन रकाने होते. डाव्या रकान्यात ट्रॅजिक हिरो: थोर कुळातला, उंचावरून पडणारा. उजव्यात अँटी-हिरो: साधा, बिचकणारा, कुठूनच न पडणारा. आम्ही दोन्ही रकाने घोकले आणि चाचणीत निम्म्या वर्गाने त्यांची अदलाबदल केली. मी पावसहून एसटीने येताना पाठ करायचे. भाट्याच्या पुलापर्यंत दोन्ही हिरो वेगळे असायचे, स्टँडवर उतरेपर्यंत एक झालेले असायचे.

सरांना त्याचं फार वाईट वाटलं. पण राग धरण्यातलेही ते नव्हते.

मग शिमगा आला. आमच्या वर्गातल्या शांतारामने सरांना गावी नेलं. त्याचं गाव संगमेश्वराकडे, आत डोंगरात. तिथे पालखीपुढे त्याच्या आजोबांनी सगळ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घातलं, आणि प्रत्येक वाक्याला अख्खं गाव "व्हय म्हाराजा" म्हणालं. आम्हा कोकणातल्यांना यात नवल वाटत नाही. सर मात्र परत आले ते झपाटल्यासारखे.

"गाइड मिटा," ते वर्गात म्हणाले. "ट्रॅजिक हिरो पडतो तेव्हा त्याच्यामागे गाव उभं असतं. त्याचं दुःख सगळ्यांचं होतं. अँटी-हिरो आपलं गाऱ्हाणं आपणच घालतो, आणि मागे कोणी नसतं. शांताराम, घाल गाऱ्हाणं."

शांतारामने हट्टापायी राज्य घालवलेल्या एका राजाचं गाऱ्हाणं घातलं. आम्ही बाकं हादरतील असं "व्हय म्हाराजा" म्हणालो. शेजारच्या वर्गातून अर्थशास्त्राचे सर बघायला आले. मग सरांनी स्वतः एका कारकुनाचं गाऱ्हाणं घातलं, ज्याला ऑफिसात कोणी ओळखत नाही आणि घरी कोणी विचारत नाही. आमच्यापैकी कोणी बोलायचं नाही, अशी ताकीद होती. सर ओठांवर बोट ठेवून त्या शांततेत उभे राहिले.

"ऐकू आलं? हाच फरक."

तो फरक आम्हाला जन्मात विसरता येणार नाही. दुर्दैवाने परीक्षेतही विसरता आला नाही. प्रश्न आला आणि अख्ख्या वर्गाने, आपापल्या इंग्रजीत, एकच लिहिलं: ट्रॅजिक हिरो तो, ज्याला गाव 'येस महाराजा' म्हणतं. मुंबईच्या परीक्षकाला हा महाराजा कोण ते कळेना. सगळ्यांच्या पेपरात तोच निघाला म्हटल्यावर त्याने सामुदायिक कॉपीचा शेरा मारला आणि आमचा निकाल अडला.

शांतारामच्या काकाने मुंबईत त्याची नोकरी ठरवून ठेवली होती. निकालावाचून ती जाणार होती. चौकशीला दोन गृहस्थ आले, तेव्हा प्राचार्यांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्हाला काही माहीत नाही असं म्हणा. कायम होण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे." आम्ही व्हरांड्यातच होतो. आम्हाला ऐकू जाऊ नये अशी त्यांची इच्छा असावी, पण आवाज वर्गात शिकवण्याचा होता.

आमचं धाबं दणाणलं. सर कधी कुणाशी भांडले नव्हते. आता तरी कशाला भांडतील?

"हे कोणत्या पुस्तकात आहे?" आतून चौकशीवाल्याचा प्रश्न आला.

"पुस्तकात नाही. मी शिकवलं."

"का?"

"पुस्तकातलं समजत नव्हतं."

"मुलांना?"

"मुलांना, आणि थोडं मलाही."

निकाल लागला. आम्ही सगळे पास झालो. अभ्यासक्रमाबाहेरचं शिकवल्याचा ठपका सरांवर आला आणि जूनमध्ये ऑर्डर आली नाही. वरती अर्ज करा म्हणून आम्ही मागे लागलो, तर उत्तर ठरलेलं: "आपण भांडणाऱ्यातले नव्हे." लोखंडी कपाट अर्थशास्त्राच्या सरांकडे गेलं.

कोल्हापूरच्या गाडीवर आम्ही सगळे फणसपोळी घेऊन पोचवायला गेलो. तिथेही आमचा वाद चाललाच होता.

"सर डाव्या रकान्यातले," मी म्हणाले.

"पडले तं खरे," शांताराम म्हणाला, "पर वर कदी व्हते?"

सरांनी खिडकीतून निकाल दिला. "तात्पुरता माणूस पडणार कुठून? उजवा रकाना. चला, घरी जा."

शांतारामने एकदम हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्यो आमचा मास्तर घाट चढून चाल्लाय. त्येच्या वाटंला काय आडवा आसंल तं दूर कर म्हाराजा."

सरांनी ओठांवर बोट ठेवलं. नियम नियमच होता. आम्ही तो पाळला.

पण गाडीतल्या लोकांना रकाने कुठे माहीत होते? पुढच्या बाकावरची म्हातारी पान जुळवता जुळवता, मान वर न करता म्हणाली, "व्हय म्हाराजा." तिच्यामागून अर्धी गाडी म्हणाली. कंडक्टरने घंटीच्या दोरीला घातलेला हात तसाच ठेवून म्हटलं. मग आम्हीही म्हणालो.

गाडी वळली तेव्हा आमच्याकडे बघावं लागू नये म्हणून सर खिडकीच्या अडकलेल्या काचेशी भांडत होते.